बांधाच्या नाकपुड्या

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. एकदा आत्या म्हणाली, "घरातलं घरात राहू दे," म्हणून. दुसऱ्यांदा माझं मलाच वाटलं, मोटारी गुंडाळणाऱ्याने लिहिण्याच्या फंदात कशाला पडावं? मी नववी नापास. वाइंडिंगसुद्धा जळक्या मोटारी उघडून, तारेचे वेढे मोजून माझा मीच शिकलो. पण गेल्या आठवड्यात माझ्या शहरातल्या दुकानात गावाकडचं एक गिऱ्हाईक पंप खाली ठेवता ठेवता म्हणालं, "तुमच्या आजोबांनी बांधलेला तो मोठा बांध फुगला म्हणे?"

आजोबांनी! तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा पंप तसाच बाजूला सारला आणि लिहायला फोन हातात घेतला. मधे मधे दुकानात कुणी आलं की थांबावं लागेल, पण आता लिहितोच.

तो बांध माझ्या आजीने बांधला. एकटीने. आणि तो एक नाही, सात आहेत.

आमचं शेत उतारावर आहे. घराच्या मागून वर चढत गेलं की एकावर एक सात पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीची माती धरून ठेवणारा एकेक दगडी बांध. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. सगळ्यात खालचा रस्त्यावरून दिसतो. उंची माझ्या डोक्याच्या वर, लांबी ऐंशी पावलं. त्याच्या पायथ्याशी, चार हातांवर आमचं घर. सातही बांध पुरे व्हायला तिला एक्केचाळीस वर्षं लागली.

ती सतराव्या वर्षी या घरात आली तेव्हा नुसता उतार होता. प्रत्येक पावसाळ्यात माती खाली वाहून यायची आणि घरची माणसं ती टोपल्यांनी परत वर नेऊन टाकायची. दरवर्षी. आजी सांगायची, "मी सासूला विचारलं, हे किती वर्षं चाललंय? ती म्हणाली, कायमच. मी म्हटलं, आणि आजवर कुणाच्या डोक्यात काहीच आलं नाही? त्या दिवशी मला जेवायला फार उशिरा मिळालं."

तिसऱ्या वर्षी वरचा डोंगर सरकला. गोठा गेला, दोन गाई गेल्या, आणि शेतभर दगडच दगड. सगळे कपाळाला हात लावून बसले. आजी त्या दगडांकडे बघून म्हणाली, "आयते आलेत."

आजोबा भला माणूस. छातीने अधू, चार पावलं चढले की धाप लागायची. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, पोरांना सांभाळायचे, स्वयंपाकही करायचे. त्यांनी दगड उचलला नाही आणि कधी उचलल्याचं सांगितलंही नाही. पाहुणे आले की बांध दाखवायला न्यायचे आणि म्हणायचे, "यात माझाही एक दगड आहे बरं का. तिने उचलला, मी म्हटलं तिकडे ठेव, तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला."

पहिला बांध दोनदा पडला. पहिल्यांदा पडला तेव्हा सासू हसली. दुसऱ्यांदा पडला तेव्हा कुणी हसलं नाही, कारण आजी त्या ढिगासमोर बसली ती दिवसभर उठलीच नाही. दगड कुठून निसटले, चिखल कुठून आला, ओल कुठपर्यंत आहे, हे हाताने चाचपत राहिली. संध्याकाळी उठली आणि म्हणाली, "माती नाही ढकलत. पाणी ढकलतं."

तिसऱ्यांदा बांधताना तिने गुडघ्याएवढ्या उंचीवर, दर नऊ विती अंतरावर, मूठ जाईल एवढं भोक ठेवलं. भोकाच्या मागे आत बारीक दगडांची भर, म्हणजे पाणी गाळून यावं आणि माती आतच राहावी. त्या भोकांना ती नाकपुड्या म्हणायची. जोराचा पाऊस झाला की काठी घेऊन बांधाच्या कडेने फिरायची आणि बघायची कुठली वाहतेय, कुठली नाही. एखादी वाहत नसली की ओरडायची, "अगं, हिला सर्दी झालीय!" मग आत्या लांब काठी घेऊन यायची, आत घालून फिरवायची, आतून भसकन गढूळ पाणी यायचं. आजीला त्याचा इतका आनंद व्हायचा की काय सांगू. सख्ख्या नातवंडाचं नाक शिंकरलं तरी एवढी खूश झाली नसती.

आलो. मिक्सर होता एक, त्याचं नुसतं बटण गेलेलं.

तर काम कसं करायची ते सांगतो, कारण ते कुणीच सांगत नाही. धारा काढून झाल्या, गुरं सोडली, सगळ्यांचं खाणंपिणं झालं की मग बांध. रोज दोन-तीन तास, त्याहून जास्त वेळ कधीच नव्हता. बाकीचा दिवस शेताचा, गोठ्याचा, आजारी सासऱ्याचा. पाच बाळंतपणं झाली, त्यातली दोन मुलं गेली. आत्या पोटात असताना तिसरा बांध चालू होता. आत्या झाली त्या सकाळी आजीने दोन थर पुरे केले होते. सासू ओरडली, "अगं, पोर दगडात होईल!" आजी म्हणाली, "होऊ दे, टणक निघेल." निघालीच.

दगड ती लगेच उचलायची नाही. आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायची. मग त्याचं तोंड कुठे ते बघायची, म्हणजे बाहेर दिसणारी सपाट बाजू. लांब दगड असला तर लांबी बाहेर दाखवायची नाही, आत घालायची. "लांब दगड बाहेरून चांगला दिसतो. पण माणसाला दिसण्यासाठी तो नसतो. त्याने आत जाऊन मागची माती धरायची असते." खालच्या थराचा सांधा वरच्या दगडाखाली झाकलाच पाहिजे. सांध्यावर सांधा आलेला तिला दिसला तर ती बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची. डाव्या करंगळीला नख नव्हतं, पाचव्या बांधाने घेतलं. म्हातारपणी बोटं मिटायची नाहीत, पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. तरी ऐंशीच्या पुढेही खुर्ची टाकून बसायची आणि आत्याला काठीने दाखवायची, "तो नाही गं, तो! डोळे कुठे ठेवून आलीस?" आत्या साठीला आलेली.

अशी बाई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली. शेवटच्या दिवशीही आत्याला विचारत होती, चौथ्या बांधाची कडेची नाकपुडी साफ केलीस का.

आणि आम्ही काय केलं? शोकसभा.

गावच्या सभागृहात, दीडशे खुर्च्या. माझे काका शहरातून आले. त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. ते आजीचे थोरले, मधले माझे वडील, ते आता नाहीत, आणि धाकटी आत्या. काकांचे डोळे रडून सुजले होते, हे मी लपवणार नाही. आईवर त्यांचा जीव होता. म्हणूनच तर जास्त राग येतो.

निवृत्त हेडमास्तर बोलायला उभे राहिले. कागद काढला. "मातोश्री म्हणजे मूर्तिमंत सहनशीलता. सोशिक, मितभाषी. कधी कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत."

माझ्या शेजारी खिळ्या बसला होता. खिळ्या माझा शाळेपासूनचा दोस्त, आता गवंडी आहे. अंगाने खिळ्यासारखा म्हणून खिळ्या. तो माझ्या कानात कुजबुजला, "आपण बरोबर सभेला आलोय ना रे? मला तर म्हातारीने गाढवाच्या शेपटीला बांधायची धमकी दिली होती."

मागच्या रांगेतल्या दूधवाल्याला खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती. सोशिक म्हणे! ज्या बाईने या हेडमास्तरांना त्यांच्याच शाळेच्या अंगणात "तुमच्या कुंपणाची भिंत पोरांवर पडेल, मला काय हिशोब शिकवता, आधी भिंत शिका" म्हणून सुनावलं होतं, ती मितभाषी? बरं, ती भिंत पुढच्याच वर्षी पडली होती, सुट्टीत पडली म्हणून पोरं वाचली. हे त्यांना आठवत नव्हतं? आठवत होतं. पण मेलेल्या बाईला गोड करायची ही काय रीत आहे? जिवंतपणी तिची जीभ बोचली, ती गेल्यावर जीभच कापून टाकायची.

मग काका उठले. "आईच्या स्मरणार्थ आम्ही रस्त्याकडचा बांध पक्का करून देणार आहोत. सगळ्या दरजा सिमेंटने भरून, वर गिलावा, आणि मधोमध संगमरवरी पाटी." पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला. मी तो जसाच्या तसा लिहितो: "हा बांध आमच्या वडिलांनी अपार कष्टाने उभारला. त्यांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या आमच्या प्रेमळ मातोश्रींच्या स्मृतीस अर्पण."

टाळ्या.

सावलीसारखी! ऐंशी पावलांचा बांध सावलीने बांधला का? मी ताडकन उठलो. "काका, आजोबांनी एकही दगड..."

"बस खाली," काका म्हणाले. आवाज न चढवता, सगळ्यांदेखत. "मोठी माणसं बोलतायत. तू मोटारी गुंडाळ."

आणि मी बसलो. लोक हसले, मी बसलो. आत्या पहिल्या रांगेत होती, मान खाली. सभा संपल्यावर मी तिला म्हटलं, "तू तरी बोलायचंस." ती म्हणाली, "आईचा दिवस होता. आणि दादा रडत होता." मी म्हटलं, "अगं, ते दरजा भरणार म्हणतायत! म्हणजे नाकपुड्या..." ती म्हणाली, "तेवढं मी सांगेन त्याला. ऐकेल."

ऐकलं नाही. तीन आठवड्यांनी मी गावी गेलो तेव्हा बांधाचा अर्धा भाग राखाडी झाला होता. गुळगुळीत, सरळ, सगळ्या फटी बुजलेल्या. चाळीस पावलांत एकही नाकपुडी नाही. आणि थापी घेऊन घमेल्याशेजारी उभा कोण? खिळ्या.

"लेका, तू?" मी म्हटलं. "तू?"

"काम आहे," खिळ्या म्हणाला. "तुझ्या काकांनी बोलावलं. फोनवर सांगितलं, एक भोक दिसता कामा नये, त्यातून साप शिरतात."

"साठ वर्षांत एक साप नाही शिरला!"

"मला काय ओरडतोस? मी विचारलं होतं, काका, पाण्याचं काय? ते म्हणाले, माझ्या दुकानातलं सिमेंट आहे, पाणी आत जाणारच नाही."

"आत जाणार नाही! अरे, पाणी आतच असतं! मागून येतं! तू गवंडी आहेस का..."

"गवंडी आहे!" खिळ्याने थापी घमेल्यात आपटली. "पण मी घरं बांधतो. विटा, ओळंबा, सिमेंट. असली बिनसिमेंटची भिंत मला कुणी शिकवली? तुझ्या आजीने तर मला जवळ येऊ दिलं नाही. आणि तू? तू तिचा नातू. दोन वर्षांत किती वेळा आलास?"

 तीनदा आलो होतो. त्यातल्या दोनदा वस्तू न्यायला.

आत्या घरातून बाहेर आली. तिने भांडीकुंडी, चूल, धान्याचे डबे सगळं बांधाकडच्या खोलीतून काढून पुढच्या खोलीत आणलं होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मागच्या खोलीत झोपत नाही आता. वर पाणी सोडायचीच वेळ झालीय. पाणी सोडलं की काय होतं ते मला माहिती आहे."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने तीस वर्षं आईच्या हाताखाली बांधांची डागडुजी केली, ती स्वतःच्या घरात खोली सोडून झोपते, आणि काका शहरात बसून फोटो मागवतात, "फिनिशिंग छान आलंय" म्हणतात! मी तिथेच काकांना फोन लावला. सांगितलं, या. रविवारी या. तुमचं पक्कं काम तुम्हाला दाखवतो. ते म्हणाले, "धमकी देतोस?" मी म्हटलं, "नाही, पाणी सोडतो."

आमच्या विहिरीवरचा पंप दोन महिने बंद होता, मीच शनिवारी दिवसभर बसून नीट केला. ते तर माझं काम. दुपारी पाणी सगळ्यात खालच्या पट्टीत सोडलं, रस्त्याकडच्या बांधाच्या वर. दरवर्षी पीक घेण्याआधी सोडतात तसंच, थेंब जास्त नाही. रात्री बंद केलं, रविवारी सकाळी पुन्हा सुरू. खिळ्याला म्हटलं, "तुझा ओळंबा आण. बांधाच्या माथ्यावरून दोन ठिकाणी सोड. एक राखाडी भागात, एक आजीच्या भागात." त्याने दोन दोऱ्यांना वजनं बांधून दोन्हीकडे सोडली. राखाडी भागात पोटाच्या उंचीवर दोरी आणि भिंत यांच्यात तीन बोटं अंतर होतं, ते त्याने खडूने लिहून ठेवलं.

दहाच्या सुमाराला काका आले. गाडीतून उतरले, बूट काढून चपला घातल्या. तोपर्यंत आजीच्या भागातल्या नाकपुड्या वाहायला लागल्या होत्या. एकेक करंगळीएवढी धार, स्वच्छ पाणी, खालच्या चरातून रस्त्याच्या कडेला. राखाडी भाग मात्र ठणठणीत कोरडा.

काकांनी दोन्हीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला! "बघा!" ते म्हणाले. "तिकडे बघ कशी गळतेय. आणि इकडे? एक थेंब नाही. याला म्हणतात काम. खिळ्या, शाब्बास."

मला हसावं की रडावं कळेना. आत्या म्हणाली, "दादा, मग इकडचं पाणी गेलं कुठे?"

"कुठे गेलं म्हणजे?"

"पट्टी एकच आहे. पाणी एकच आहे. तिकडे बाहेर येतंय. इकडचं कुठे आहे?"

 खिळ्या ओळंब्याजवळ गेला. बोटं घातली. एक बोट काढलं. मग सगळीच काढली आणि नुसतं नख घालून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन बोटं होती. आता नख जातंय फक्त."

"नवं काम आहे, बसतंय जरा," काका म्हणाले.

"काका," खिळ्या म्हणाला, "बसणारी भिंत खाली जाते. ही पुढे येतेय."

 वरून पंपाचा आवाज. गिलाव्यावर मधोमध केसाएवढी एक रेघ उमटलेली, ती मी पाहत होतो आणि काकाही पाहत होते. त्या रेघेच्या बरोबर समोर मागच्या खोलीची खिडकी.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत होतं. लहानपणापासून पाहिलंय तुम्ही. नाकपुड्या कशाला असतात हे तुम्हाला माहीत नाही असं मला सांगू नका."

"मला नाही माहीत," ते म्हणाले. "मी तिकडे कधी गेलोच नाही."

"का?"

मग ते बोलले. आत्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. "शाळेत पोरं म्हणायची, तुझी आई दगडफोडी आहे. तुझा बाप स्वयंपाक करतो आणि आई दगड फोडते. मी रोज मारामारी करून यायचो. मग मी सांगायला लागलो, वडीलच बांधतात, ती नुसते दगड देते. शहरात गेल्यावरही तेच सांगितलं. बायकोला, मुलांना. पन्नास वर्षं तेच सांगतोय. आता पाटीवर दुसरं काय लिहू?"

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. खोटं नाही लिहिणार. मला अजून राग आला. पोरं चिडवायची, मान्य. पण ती पोरं आता आजोबा झाली, काहींची तर मातीसुद्धा झाली, आणि अजून त्यांच्या भीतीने आपण आईचं नाव पुसायचं? तेही तिच्याच बांधावर? मी असं म्हणालोही. फार वाईट शब्दांत म्हणालो, ते इथे लिहीत नाही, आत्या वाचेल.

आत्याने मला गप्प केलं. काकांना म्हणाली, "दादा, आईला माहीत होतं तू काय सांगतोस ते."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, पोराला दगड जड झाला. दुसरं काही नाही."

काका बांधाला टेकायला गेले आणि लगेच हात काढून घेतला. भिंत गार लागली असेल. ओली नव्हती, पण आतून गार.

"फोडू का?" खिळ्याने विचारलं. काकांना विचारलं, मला नाही. "काका, नाकपुड्या कुठे होत्या ते मला आठवतंय, मीच बुजवल्यात. फोडू?"

"गावात काय सांगू?" काका म्हणाले. "सभेत सांगितलंय मी."

"ते तुमचं तुम्ही बघा," खिळ्या म्हणाला. "मी फोडतो. उद्या हे घरावर आलं तर लोक म्हणतील खिळ्याने बांधलं होतं."

काका त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एकदा हात लावलास तर माझ्याकडचं काम संपलं तुझं. इथलं आणि शहरातलंही." आणि गाडीकडे गेले. बूटही घातले नाहीत, हातात घेऊन गेले.

खिळ्याच्या हातात छिन्नी होती. त्याचं वर्षातलं निम्मं काम काकांच्या दुकानाच्या ओळखीवर येतं, हे मला माहीत आहे आणि त्याला तर आहेच. तो गाडी वळेपर्यंत थांबला. मग मला म्हणाला, "पंप बंद कर, वेड्या, बघत काय उभा राहिलास?" आणि पहिला घाव घातला.

मी पंप बंद करून येईपर्यंत त्याने पहिलं भोक निम्मं मोकळं केलं होतं. आत्या बाजूला उभी राहून सांगत होती, "सरळ नको, तिरका मार. समोर उभा राहू नकोस, बाजूला हो. अरे, बाजूला हो म्हटलं ना!"

तो बाजूला झाला नाही. सिमेंटचा गोळा सुटला आणि आतून गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार खिळ्याच्या थेट छातीवर आली. तो चिखलात बसला. आत्या हसायला लागली. आजी गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती अगदी आजीसारखी हसत होती, शिव्या देत देत. "मूर्खा! सांगितलं होतं ना! आता सर्दी गेली हिची, तुला झाली!"

दिवसभरात अकरा भोकं मोकळी केली. आळीपाळीने. माझ्या हाताला फोड आले, तारा गुंडाळणारा हात तो. सगळी वाहिली. पण मधला भाग, बारा पावलांचा, पोट काढून बसला तो बसलाच. आत्याने हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ. ती म्हणाली, "हा उतरवायला लागेल. वरून एकेक दगड काढून, सिमेंट सोलून, पुन्हा पायापासून लावायचा. मोठ्या पावसाच्या आत."

संगमरवरी पाटी अंगणात टेकून ठेवलेली होती. खिळ्या म्हणाला, "आत्या, ही लांब आहे, आत घालू का? तोंड मातीकडे करून?" आत्याने हात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "फार गुळगुळीत आहे. धरणार नाही." आणि चहा ठेवायला आत गेली.

आम्ही दोघं दगडांवर बसलो, चिखलाने भरलेले. खिळ्याने छिन्नीवरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "तुला मी सांगतो काय होणार. आत्या साठीची. मला ही विद्या येत नाही, मी शिकेन पण तिच्या शिव्या खाऊन. दगड उचलायला दोन माणसं लागतात. तू आज तावातावाने आलास, काकांशी भांडलास, आता जाशील शहरात. आणि पुढच्या महिन्यात फोन करून विचारशील, झालं का रे?"

"नाही करणार."

"करशील. मी ओळखतो तुला. तुझा राग मोठा आहे, पण तो रविवारपुरता आहे. सोमवारी दुकान."

मला हे फार लागलं. लागलं कारण खरं होतं. आजीच्या नावाने मी सगळीकडे भांडत होतो, पण तिच्या बांधातला एक दगडसुद्धा माझा नव्हता. आजोबांचा निदान काढून टाकलेला एक तरी होता.

"मग रविवारीच येईन," मी म्हटलं. "प्रत्येक."

"लग्नं असतात. मोटारी जळतात."

"जळू देत."

"शब्द दे. आत्याला नको, मला दे. तिला तू काहीही सांगतोस आणि ती ऐकून घेते."

मी हात पुढे केला. त्याने घेतला नाही, नुसता बघत राहिला, फोडांकडे.

"दिला," मी म्हटलं. "ही बारा पावलं पायापासून माथ्यापर्यंत उभी राहीपर्यंत एकही रविवार चुकवणार नाही. सकाळी सातला इथे. ती सांगेल तो दगड उचलीन, तू सांगशील तिथे ठेवीन."

"आणि काढायला सांगितला तर?"

"काढीन."